पूल ओलांडला की पुढची सीट माझी

लाओसला जाऊन आलो म्हटल्यावर आमच्या गावातल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "व्हेज मिळतं का तिकडे?" आणि दुसरा, "पण सायकलने कशाला?" पहिल्याचं उत्तर मी चहा पितापिता देऊन टाकते. दुसऱ्याचं देता येत नाही. हसून वेळ मारून नेते आणि घरी येऊन चिडचिड करते. परत येऊन सहा आठवडे झाले, माझी मान अजून वळताना दुखते आणि प्रश्न काही संपत नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून काढायचं ठरवलं. मिलिंदला वाचून दाखवल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, एवढी एकच अट आहे.

बेस्ट

बेस्ट हे आमच्या गावाचं नाव. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला चिकटून आहे. पुण्यातले नातेवाईक एकोणीस वर्षांत या नावावर विनोद करून थकलेले नाहीत, मी ऐकून थकले आहे.

मिलिंद, माझा नवरा, इथल्या एका कंपनीत टेस्ट इंजिनियर होता. 'होता' म्हणायचं कारण त्याचे डोळे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, आनुवंशिक, औषध नाही. कडेने दिसणं बंद होत जातं आणि मधलं भोक दरवर्षी थोडं लहान होतं. सध्या त्याला स्ट्रॉमधून बघितल्यासारखं दिसतं, तेही भर उजेडात. उजेड कमी झाला की तेवढंही नाही. गावात सगळ्यांना माहिती एवढीच, की मिलिंदला 'संध्याकाळचं जरा कमी दिसतं'. हे त्याचंच वाक्य. मी त्यात कधी काना-मात्रेचा फरक केला नाही.

नेदरलँड्समध्ये सायकल सुटली की माणूस घरात अडकतो. दुधाला सायकल, डॉक्टरकडे सायकल, स्टेशनवर सायकल. तीन वर्षांपूर्वी कालव्याच्या कडेने जाताना मिलिंदने एका आजीबाईंच्या कुत्र्यावर सायकल घातली. कुत्रं वाचलं. आजीबाई डचमध्ये जे बोलल्या ते मी त्याला पूर्ण भाषांतर करून सांगितलं नाही. त्या आठवड्यात आमच्या मुलीने, सईने, त्याची सायकल उट्रेख्टला आपल्या खोलीवर नेली आणि आम्ही एका निवृत्त जोडप्याकडून त्यांची जुनी टँडम घेतली.

टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल. पुढे बसेल त्याच्याकडे ब्रेक, गियर आणि दिशा. मागच्याने फक्त पायडल मारायचं. मागचं हँडल फिरत नाही, ते नुसतं धरायला. पुढे मी, मागे मिलिंद. मागच्याला काही कळावं म्हणून पुढच्याला सतत बोलत राहावं लागतं, आणि त्यासाठी आमची एक छोटी भाषा तयार झाली. 'मार' म्हणजे जोर लाव. 'डावं', 'उजवं' म्हणजे वळतोय, अंग सांभाळ. आणि 'सोड' म्हणजे पाय थांबव, त्या क्षणी, का म्हणून विचारायचं नाही. मिलिंद आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला 'का' विचारत आला आहे, माझ्या आईलासुद्धा. 'सोड'ला त्याने एकदाही विचारलं नाही. 'खड्डा' हा शब्द मात्र पुण्यात वाढूनही आम्ही वापरला नव्हता, कारण इथे खड्डा शोधायला लांब जावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये जेवताना तो म्हणाला, "लाओसमध्ये गाड्या उजवीकडून चालतात. आपल्यासारख्या."

'आपल्या' म्हणजे आता नेदरलँड्स, हे मला जरा उशिरा कळलं.

"रस्ते रिकामे असतात म्हणे. मला एकदा पुढे बसायचंय, वृंदा. इथे बसलो तर कुणाला तरी मारून टाकीन. डावीकडून चालवायचं तर आता मला जमणार नाही, सवय गेली. उजवीकडचा रिकामा रस्ता पाहिजे. एकदाच."

मी "बरं" म्हणाले. दिवसभर ऑफिस आणि वर नगरपालिकेचे त्याच्या पेन्शनचे फॉर्म, एवढं झाल्यावर मी कशालाही बरं म्हणते. वाटलं, विसरेल. आठवड्याभरात त्याने फोनला नकाशे वाचायला लावून सगळा बेत आखला. विमानाने थायलंडमधलं चियांग राय, तिथून सायकलने तीन दिवस मेकाँग नदीवरच्या पुलापर्यंत, आणि पलीकडे लाओस. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून, म्हणून तोवर पुढे मी.

"थेट लाओसला का नाही जायचं?" मी विचारलं.

"पायांना सराव नको? आणि पूल ओलांडला की पुढची सीट माझी. कबूल?"

सईला फोनवर सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिला ज्या भाषेत राग आला असेल त्या भाषेत येतं. "दू नॉर्माल, बाबा!" असं ती ओरडली, म्हणजे शहाण्यासारखं वागा. मग माझ्याशी इंग्लिशमध्ये, हळू आवाजात, "आई, यू वोन्ट अॅक्चुअली लेट हिम, राइट?"

"बघू," मी म्हणाले.

आमच्या टँडमची फ्रेम मधोमध खोलता येते, त्यामुळे दोन खोक्यांत बसते. सायकलवाल्याने रिकामी खोकी दिली. मिलिंदने बैठकीत चादर पसरून सायकल खोलली, पायडल काढले, हँडलं वळवली, टायरमधली हवा सोडली, सगळं नुसत्या हातांनी. मी जवळ बसून नटबोल्टच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि मनात म्हटलं, एखादं खोकं विमानात हरवलं तर बरं होईल. आपल्या नशिबात सामान हरवायला नको असतं तेव्हाच हरवतं. यावेळी दोन्ही खोकी आमच्या आधी पोचली.

चियांग राय

पहिल्या सकाळी धुकं होतं आणि स्वेटर लागला. जानेवारीत तिकडे सकाळी पुण्यासारखीच थंडी असते. गेस्ट हाउसच्या मालकीणबाई साठीच्या, हसऱ्या. अंगणात आम्ही सायकल जोडत होतो तेव्हा दोन खुर्च्यांवर दोन नाती घेऊन बघायला बसल्या, सिनेमाला बसावं तशा.

त्यांनीच मला 'जे' हा शब्द शिकवला. 'जे' म्हटलं की मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, माशाचं पाणीसुद्धा नाही. मी दुकानादुकानात "जे, जे" करत हिंडले आणि मिलिंद मागून म्हणायचा, "जे जे मिळेल ते खा." हा विनोद त्याने पहिल्या दिवशी चार वेळा केला. चौथ्यांदाही मी हसले, कारण नाही हसलं तर तो समजावून सांगतो.

निघालो आणि पहिल्याच चौकात घोळ झाला. मी मोठ्या रस्त्याला वळले, झकास वेग घेतला, आणि मागून मिलिंद म्हणाला, "वृंदा, गाड्या चुकीच्या कानात येतायत."

"म्हणजे काय?"

"समोरच्या गाड्या उजव्या कानात यायला हव्यात. डाव्या कानात येतायत."

मी समोर बघितलं. एक पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक सरळ माझ्या नाकाकडे येत होता. मी "सोड!" म्हणून किंचाळले, ब्रेक दाबले आणि दोघं गवतात गेलो. पुण्यात डावीकडून स्कूटर चालवत मोठी झालेली बाई मी, आणि एकोणीस वर्षांत माझं अंग इतकं डच झालं होतं की वळल्यावर आपोआप उजवीकडे गेलं. ट्रकवाल्याने थांबून आमच्याकडे बघितलं, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पुण्यात आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. नेदरलँड्समध्ये त्याने काच खाली करून नियम समजावला असता.

"दिसत होतं मला," मिलिंद गवत झटकत म्हणाला. "म्हणून तर सांगितलं."

कानाने ओळखलं असं आत्ता बोलला होतास, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. त्या रस्त्यावर त्याच्यामुळे वाचले होते.

चियांग सेन

इथे मेकाँग पहिल्यांदा दिसते. मोठी, मातकट, घाई नसलेली नदी. पलीकडचा काठ लाओसचा. घाटावर चटया टाकून बायका चिकट भात, भाजलेली वांगी-मिरच्यांची चटणी आणि उकडलेल्या भाज्या विकत होत्या. हा भात बांबूच्या छोट्या टोपलीत येतो. बोटांनी मुटका करायचा, चटणीत बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. मिलिंद मांडी घालून बसला आणि जेवला. साधं वाक्य आहे, पण मला ते लिहिताना भरून येतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये काट्याने ताटात वाटाणे शोधताना मी त्याला पाहिलंय. कुणी बघत असलं की तो "भूक नाही" म्हणून उठायचा. इथे सगळेच बोटांनी चाचपत जेवत होते आणि तो त्यांच्यातलाच एक होता. दोन टोपल्या संपवल्या त्याने.

जेवताना मी त्याला नदी सांगत होते. "समोर लांबट होडी चाललीय. निळं छप्पर आहे. एक माणूस मागे उभा राहून सुकाणू धरतोय."

"दिसतंय मला."

"पलीकडे पांढरा पट्टा आहे, वाळूचा."

"हो, दिसतंय."

होडी एव्हाना डावीकडे निघून गेली होती आणि तो उजवीकडे बघत होता. हे आमचं रोजचं आहे. मी सांगायचं आणि त्याने दिसतंय म्हणायचं. मी सांगितलं नाही तर तो रुसतो, आणि सांगितलं तर त्याचा अपमान होतो. या दोन्हींच्या मधून जाणारी वाट मला अजून सापडलेली नाही. नदी बघायला गेले आणि तिची वाक्यं करता करता माझी बघायची राहूनच गेली. उठताना मला नदीचा रंगसुद्धा आठवेना, 'मातकट' हा शब्द तेवढा आठवत होता.

चियांग खोंग

तिसऱ्या दिवशी चढ लागले. बेस्टमधला सगळ्यात मोठा चढ म्हणजे हायवेवरचा पूल. तिथे आम्ही सराव केला होता, दहा वेळा वर आणि दहा वेळा खाली, आणि स्वतःवर खूश झालो होतो. मेकाँगच्या काठचे डोंगर बघितल्यावर ते सगळं पोरकट वाटायला लागलं. सामानासकट टँडम ढकलत न्यायची म्हणजे म्हशीला जिन्यावरून नेण्यासारखं. उतारावर त्याहून वाईट. माझ्या बोटांना ब्रेक धरून मुंग्या आल्या होत्या आणि तोंड चालूच. डावं, खड्डा, सोड, अजून सोड, कुत्रं आहे पण बांधलेलं आहे, उजवं, खड्डा, मार.

एका वळणावर मी थांबले, सायकल त्याच्या हातात दिली आणि कडेच्या दगडावर बसले. रडायलाच आलं.

"काय झालं?"

"थकले, मिलिंद."

"पाय?"

"बोलून थकले. तीन वर्षं बोलतेय मी."

तो सायकल धरून उभा होता, माझ्या थोडं डावीकडे तोंड करून. "मग नको बोलूस," तो म्हणाला.

"नाही बोलले तर आपण दोघं दरीत जाऊ."

यावर तो हसला आणि मीपण हसले, नाक पुसत. मग गंभीर होऊन म्हणाला, "उद्या मी पुढे असेन. उद्या तू आराम कर." हे त्याने फार प्रेमाने सांगितलं. रात्रभर पडल्यापडल्या मी एकच विचार केला, की याला नाही कसं म्हणायचं. त्याच्याकडून एकेक गोष्ट गेली होती. गाडी, सायकल, नोकरी, संध्याकाळी एकट्याने बाहेर पडणं. त्यातली कुठलीच मी काढून घेतली नव्हती, आजाराने घेतली होती. ही एक माझ्या हातून जाणार होती.

पूल

सकाळी थायलंडच्या बाजूचे शिक्के झाले आणि कळलं, पुलावर सायकल चालवायला बंदी आहे. पलीकडे बसनेच जायचं. खिडकीतल्या मुलीने हे इतकं गोड हसून सांगितलं की मला तिला मिठी मारावीशी वाटली. चला, निदान पुलावर तरी कोण पुढे हा प्रश्न मिटला.

बसचा ड्रायव्हर पन्नाशीचा, पायात स्लिपर, तोंडात काडी. त्याने टँडम बघितली, दोन्ही हात पसरून तिची लांबी मापली, मग बसच्या पोटातला सामानाचा खण मापला आणि मान हलवली. मिलिंदला मी सांगितलं. "खोलू," तो म्हणाला आणि तिथेच सिमेंटवर बसला. उन्हात, बसभर माणसं खिडक्यांतून बघत असताना, त्याने पाना काढला, मधले दोन जोड सोडवले, केबल निसटवली, साखळी फडक्यात गुंडाळली. एकदाही खाली बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. ड्रायव्हर कौतुकाने काहीतरी म्हणाला आणि अंगठा वर केला. मिलिंदला अंगठा दिसला नाही, पण आवाज कळला. तो ताठ झाला. कामावर असताना असा दिसायचा.

मग घोळ झाला तो माझ्यामुळे. ड्रायव्हर आतून मागचा अर्धा भाग ओढत होता आणि मिलिंद बाहेरून धरून सांगत होता, आधी पुढचा, आधी पुढचा, गियरची बाजू वर पाहिजे. ड्रायव्हरला इंग्लिश कळत नव्हतं, मिलिंदला त्याचे हातवारे दिसत नव्हते, आणि मागे एक म्हातारं जोडपं उन्हात ताटकळत होतं. मला लाज वाटली. मी वैतागून म्हणाले, "अरे, सोड ना आता!"

म्हणजे वाद सोड. पण सोड म्हटल्यावर मिलिंदने सोडलं. दोन्ही हात, त्याच क्षणी. अर्धी टँडम दाणकन खाली आली, एक टोक ड्रायव्हरच्या स्लिपरवर.

ड्रायव्हर एका पायावर नाचला आणि मग, देव त्याचं भलं करो, हसत सुटला. खिडक्यांतली माणसं हसली. मी माफी मागता मागता रडकुंडीला आले. मिलिंद मात्र तसाच उभा होता, हात हवेत उघडे ठेवून. "काय झालं? समोर काय होतं?" तो विचारत होता. त्याला वाटलं, मी काहीतरी बघितलं असणार. मी मराठीत नेहमीचा एक शब्द वापरला आणि या माणसाने त्यावर आपले दोन्ही हात उघडले. माझ्या एका शब्दावर तो किती विसंबला आहे, हे मला त्या सिमेंटवर पहिल्यांदा नीट कळलं आणि मला त्याची भीती वाटली.

बस निघाली. पूल लांब आहे, खाली तीच नदी. वाटेत कुठेतरी बसने बाजू बदलली. मी नदी बघत होते, माझ्या लक्षात आलं नाही.

"बदललं," मिलिंद म्हणाला. "उजवीकडे आलो."

हुए साय

लाओसच्या बाजूला व्हिसाची खिडकी, मग शिक्क्याची खिडकी. फॉर्म दोन्ही मीच भरले. व्यवसायाच्या रकान्यात मिलिंदने मला 'इंजिनियर' लिहायला सांगितलं, मी लिहिलं. सहीच्या रेघेवर त्याचं बोट नेऊन ठेवलं, कुणाला कळू न देता. यात आता आमचा हात बसलाय.

शिक्क्याच्या खिडकीत अधिकारी तरुण होता, इस्त्रीचा गणवेश, शांत चेहरा. "कॅमेरा," तो म्हणाला. मिलिंदने आवाजाकडे बघितलं. कॅमेरा दुसऱ्या बाजूला होता, लहानसा, एका दांडीवर. "कॅमेरा, प्लीज." मिलिंदने मान थोडी वर केली. मग थोडी खाली. मी पिवळ्या रेषेच्या मागे उभी होते आणि माझी जीभ दातांखाली होती. सांगायचं नाही, हे आमचं ठरलेलं. मागे रांग होती. मिलिंदच्या मानेवर घाम आला, शर्टची कॉलर ओली झाली. पोलीस स्टेशनात, बँकेत, शाळेत मी असे क्षण शंभर वेळा बघितलेत आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की ओरडून सांगावं.

अधिकाऱ्याने पेन घेतलं आणि कॅमेऱ्यावर वाजवलं. टक, टक. मिलिंदचं तोंड तिकडे वळलं. फोटो झाला, शिक्का बसला. पासपोर्ट परत देताना त्याने बाहेर भिंतीला टेकवलेल्या आमच्या दोन तुकड्यांकडे बघितलं आणि विचारलं, "हू ड्राइव्ह?"

प्रश्न मला होता. उत्तर मिलिंदने दिलं. "मी. आय ड्राइव्ह."

अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. "लाओस, राइट साइड," एवढंच तो म्हणाला आणि उजवा हात वर करून दाखवला, हळूच, जपून जा म्हणावं तसा.

बाहेर येऊन मिलिंदने सायकल जोडली. मी शेवटचा प्रयत्न केला. "गियर वाकलाय बहुतेक, मघाशी पडली तेव्हा. आज राहू दे."

त्याने बोटं फिरवली. "सरळ आहे," म्हणाला. मग पुढची सीट चार बोटं वर केली, स्वतःच्या उंचीला. मागची खाली केली, माझ्या. हुए साय गाव दहा-अकरा किलोमीटरवर होतं, रस्ता रुंद, सपाट, दुपारचं ऊन लख्ख. मैलभर कुणी नव्हतं. नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं, एक सोडून.

मी मागे बसले.

मागच्या सीटवरून काय दिसतं हे तीन वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याची पाठ दिसते. निळा शर्ट, दोन खांद्यांच्या मधली घामाची रेघ. हातात हँडल असतं आणि ते फिरत नाही. ब्रेक शोधायला माझी बोटं आपोआप गेली आणि तिथे काही नव्हतं. मिलिंद सरळ जात होता, अगदी सरळ, उजव्या कडेपासून हातभर अंतर ठेवून, डच शाळेत मुलांना शिकवतात तसा.

"स्कूटर येतेय, डावीकडे," मी म्हणाले.

"गप्प बस. दिसतंय मला."

गप्प बसले. काही वेळ नुसता जप केला. मग काय झालं कोणास ठाऊक, बोलायचं नाही म्हटल्यावर डोळे मोकळे झाले. सागाची झाडं होती, पानं हत्तीच्या कानाएवढी. एका स्कूटरवर काठाचे लांब स्कर्ट घातलेल्या दोन शाळकरी मुली, मागचीच्या हातात उघडी गुलाबी छत्री. "सबायदी!" म्हणून ओरडल्या, म्हणजे नमस्कार, आणि मिलिंदने खणखणीत आवाजात "सबायदी!" केलं. यातल्या कशाचंही मला वाक्य करावं लागलं नाही. मी नुसतं बघितलं. किती दिवसांनी, मला सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती आणि सुखही, दोन्ही एकदम.

दीड-दोन किलोमीटर गेलो असू. एका मोठ्या झाडाजवळ मिलिंदने ब्रेक दाबले. कचकन. मी त्याच्या पाठीवर आपटले. त्याने पाय टेकवला.

"समोर काहीतरी आहे."

मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"काही नाही रे."

"आहे. काळं. आडवं पडलंय."

"सावली आहे. झाडाची सावली पडलीय रस्त्यावर. जा तू."

तो हलला नाही.

"जा म्हणते ना. रस्ता रिकामा आहे, मिलिंद. मी बघतेय मागून. छान चालवतोयस. गावापर्यंत ने." हे सगळं मी बोलत होते. ऑक्टोबरपासून हा माणूस पुढे बसू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली मी, आता त्याला विनवत होते. खरंच विनवत होते.

"मला वाटलं म्हैस बसलीय," तो म्हणाला. "मग वाटलं खड्डा. मग काहीच कळेना."

"होतं असं उन्हात. मलाही होतं."

"आज सावलीला थांबलो, वृंदा. पुढच्या वळणावर माणूस उभा असेल आणि मला ती सावली वाटेल."

वाऱ्याने झाड हललं आणि रस्त्यावरची सावली पण हलली.

तो उतरला. सायकल मला धरायला दिली. खिशातून पाना काढला, पुढच्या सीटचा बोल्ट बोटाने शोधला आणि सीट चार बोटं खाली घेतली. घट्ट केली, तळहाताने दोनदा दाबून बघितली. मग सीटवर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. माझेही वाहत होते.

"आंधळ्या माणसाला कुणी पुढे बसवतं का?" तो म्हणाला. "वेडी आहेस का तू?"

'आंधळा' हा शब्द आमच्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनीसुद्धा नाही, सईने नाही, मी तर नाहीच. मी तोंड उघडलं, आणि त्याने फ्रेमवरून हात सरकवत मागची सीट शोधली आणि तो बसला.